गडजाईचा सतरावा नियम

चातुर्मासात घरात पत्ते चालणार नाहीत, असं अनुसूयाअक्कांनी बासष्टच्या आषाढात जाहीर केलं, आणि मल्लेश्वरममधल्या आम्हा चार सुशिक्षित माणसांवर रविवार दुपारी एकमेकांशी बोलण्याची पाळी आली. दोन रविवार आम्ही तेही करून पाहिलं. तिसऱ्या रविवारी मी एक खेळ काढला.

खेळ असा. मी एक किल्ला मनात धरायचा, त्याचा नकाशा कागदावर काढायचा आणि कागद पंचांगाच्या आड लपवायचा. बाकीच्या तिघांनी एकेक सोंग घेऊन त्या किल्ल्यात शिरायचं. 'मी दार उघडतो' असं त्यांनी म्हणायचं, दाराआड काय आहे ते मी सांगायचं. झटापट झालीच तर अक्कांच्या डब्यातल्या सहा कवड्या टाकून निकाल लावायचा. जिंकणं नाही, हरणं नाही. माझ्या बायकोने, सुलभाने, हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही चौघं बसून थापा मारणार?"

"मी मारणार. ते ऐकणार."

"मग नवीन काय?" ती म्हणाली.

घर नरसिंहरावांचं, म्हणजे अक्कांच्या यजमानांचं, म्हणून पहिलं सोंग त्यांनी निवडलं. ते पाळेगार झाले. म्हणजे दोन टेकड्या आणि चाळीस भालेकरी एवढ्या बळावर स्वतःला राजा समजणारा माणूस. प्रत्यक्षात ते मुजराई खात्यातून, म्हणजे देवळांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्यातून, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचं घराणं शहाजीराजांबरोबर इकडे कन्नड मुलखात आलेलं. त्याला तीनशे वर्षं होऊन गेली होती, पण ते अशा सुरात सांगत की अजून सामान सोडायचं राहिलंय असं वाटावं. चंद्रकांत हा पुण्याहून सरकारी कारखान्यात आलेला तरुण इंजिनियर. त्याने गोलंदाज व्हायचं ठरवलं आणि पहिल्याच दिवशी तोफेचं वजन विचारलं. चौथी नरसिंहरावांची मुलगी कावेरी. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करत होती. तिला तलवार नको होती.

"मग पुजारीण हो," मी म्हटलं. "गडावर गडजाई म्हणून देवी आहे. तिला तू कौल लावू शकशील."

कौल कसा लावतात हे कुणाला सांगावं लागलं नाही. इथल्या अर्ध्याअधिक मारुतींच्या देवळात ते चालतं. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या गंधाने एकेक फूल चिकटवायचं, प्रश्न विचारायचा आणि वाट पाहायची. देवाच्या उजव्या खांद्यावरचं आधी पडलं तर हो, डाव्या खांद्यावरचं पडलं तर नाही. आमच्या खेळात फुलं माझ्या तोंडून पडणार, एवढाच फरक.

ते वाक्य मी उप्पिट्टू खाता खाता बोललो. त्याची किंमत मला पुढे वर्षभर मोजावी लागली.

गडावरचा शिक्का चोरीला गेला आहे आणि चोर शोधायचा आहे, अशी मी आठ रविवार पुरेल इतकी गोष्ट रचून आणली होती. त्यात एक मुका पहारेकरी होता, एक भुयार होतं, एक खोटी विधवा होती. कावेरीने गडजाईसमोर बसून विचारलं, "शिक्का किल्लेदारानेच चोरला का?"

शिक्का किल्लेदारानेच चोरला होता.

देव खोटं बोलू शकत नाही, हे मीच सुरुवातीला सांगून ठेवलेलं. "उजवं पडलं," मी म्हणालो. पाळेगाराने किल्लेदाराला धरलं, शिक्का मिळाला, आणि भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन वाजले होते. भुयार तसंच राहिलं. त्या खोट्या विधवेचं मला अजून वाईट वाटतं.

"झाला खेळ?" अक्कांनी आतून विचारलं. "मग कुणीतरी दळण घेऊन या की."

तेव्हापासून मी नियम करायला लागलो. नरसिंहरावांनी ते एका लांबट वहीत, क्रमांक घालून, लिहून घ्यायला सुरुवात केली. खात्यात तीस वर्षं ते तेच करत होते; फक्त तिथे देव खरे असत. गडजाईला एका रविवारी तीनच प्रश्न, असा मी नियम केला. कावेरीने पुढच्या रविवारी विचारलं, "हरवलेला माणूस गडाच्या उत्तर अर्ध्यात आहे का?" मग त्या अर्ध्याच्या पूर्वेला आहे का, मग खालच्या माचीवर आहे का. तीन प्रश्नांत तिने माझा गड आठव्या हिश्शावर आणला आणि उरलेल्या हिश्शात तिघं चालत जाऊन माणूस घेऊन आले.

"ही देवी आहे की टेलिफोन ऑपरेटर?" चंद्रकांत कुरकुरला. त्याची तोफ सहा आठवडे एकदाही उडाली नव्हती. "आम्ही दारूगोळा वाहायचा आणि हिने नुसतं फूल बघायचं. दामोदरपंत, धिस इज नॉट फेअर."

मग मी नियम केला की देवी विचारलं तेवढंच सांगते. एक शब्द जास्त नाही. दाराआड वाघ आहे का, असं विचारलं तर नाही म्हणते. दाराआड दोन वाघिणी आहेत हे आपण होऊन सांगत नाही. हा नियम चांगला चालला. कावेरी प्रश्न तासून तासून विचारू लागली, एकेका प्रश्नाला दहा मिनिटं घेऊ लागली आणि माझी गोष्ट वाचली.

देवीला खोटं बोलायला लावायचा मोह मला एकदाच झाला. पावसाळा संपला, पत्ते परत आले, तरी कुणी पत्त्यांचं नाव काढेना, तेव्हाची गोष्ट. मी डावं पडायला हवं होतं तिथे उजवं पाडलं. पाळेगाराची अकरा माणसं दरीत गेली. कावेरीने वही मागवली, मागचे तीन कौल ताडून पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "दामूअण्णा, देवी खोटं बोलली."

मी हसून नेणार होतो. पण नरसिंहरावांनी उप्पिट्टूची बशी खाली ठेवली. "दामोदरराव," ते म्हणाले, "खेळ असू द्या. पण देव म्हटल्यावर तसं करू नये की." आणि उठून आत गेले. बशी पुन्हा हातात घेतली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं की गडजाईचं नाव निघालं की हा माणूस मांडीवर हात जोडून बसतो. माझ्या पंचांगामागच्या देवीला एक खरा भक्त होता आणि मला पत्ता नव्हता. दुसऱ्या रविवारी मी अकराही माणसं दरीतून वर काढली आणि जाहीर माफी मागितली. तीही वहीत लिहिली गेली.

सतरावा नियम मात्र माझ्या निव्वळ आळसातून आला. मी एका संशोधन संस्थेत ग्रंथपाल होतो. त्या आठवड्यात दिल्लीहून कोणी मंत्री आमची पुस्तकं बाहेरून बघायला येणार होते, आणि मी पुसापुशीत गढून गेलो होतो. रविवारी पंचांगामागे कोरा कागद होता. कावेरीने विचारलं, "गोलंदाजाने डाव्या वाटेने जावं का?"

डाव्या वाटेला काय आहे, हे मला तिच्याइतकंच माहीत होतं. "फूल पडलं नाही," मी म्हणालो.

"पडलं नाही म्हणजे?"

तिच्या पुढ्यात कॉफी वाफाळत होती. "तू कॉफी पी," मी म्हटलं, "बघू." तिने कॉफी संपवली. मला काहीही सुचलं नव्हतं. "नाहीच पडलं," मी म्हणालो. "म्हणजे देवी म्हणते, ज्याला जायचं आहे त्याचं त्याने ठरवावं."

चंद्रकांतने एक असभ्य इंग्रजी शब्द उच्चारला आणि उजव्या वाटेने गेला. पण नरसिंहराव कितीतरी वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. "सरी," ते शेवटी कन्नडमध्ये म्हणाले, म्हणजे ठीक आहे. "मोठ्या माणसांनी असंच करावं." मग त्यांनी वही ओढली आणि खात्याच्या भाषेत लिहिलं: नियम सतरा. प्रश्न विचारल्यापासून विचारणाऱ्याची कॉफी संपेपर्यंत कोणतेही फूल न पडल्यास, निर्णय ज्याला जायचे आहे त्याच्यावर देवीने सोपवला असे समजावे.

असं वर्ष गेलं. त्रेसष्टच्या जुलैत कावेरीला पुण्याच्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. कनिष्ठ संशोधक म्हणून निवड झाली होती. राहायला बायकांचं वसतिगृह. होकार एकतीस तारखेच्या आत पोचायला हवा.

तीन दिवस नरसिंहराव नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. "तीनशे वर्षांत आमच्यातलं कुणी परत गेलं नाही," एवढंच दोनदा म्हणाले. जणू राजांनी परतीची रजा अजून मंजूर केली नव्हती. चौथ्या दिवशी त्यांनी सांगितलं की शनिवारी सकाळी हनुमंतरायाला फूल लावू. देव म्हणेल तसं.

त्या संध्याकाळी कावेरी माझ्या घरी आली. चप्पलसुद्धा नीट काढली नाही.

"दामूअण्णा, मी चार वर्षं संख्याशास्त्र शिकले आणि माझी नोकरी आता नाणेफेकीवर आली."

"प्रश्न तू मांड," मी म्हटलं. "प्रश्न तासण्यात तुझ्याइतकं तयार कोण आहे?"

"विचारलं. अप्पा म्हणाले, पुजारीण तू रविवारी. शनिवारी मी."

चंद्रकांतही येऊन बसला होता. त्याने तोवर कागदावर आकृती काढली. फुलाच्या देठात लोखंडाची बारीक टाचणी, मूर्तीमागे लोहचुंबक. "स्वल्पसं ॲडजस्टमेंट," तो म्हणाला. एवढा एकच कन्नड शब्द त्याला येत होता आणि तो त्याने इथे खर्च केला.

"नको," कावेरी म्हणाली.

"अगं, फक्त डावीकडचं धरून ठेवायचं."

"नको म्हटलं ना. अप्पा देवाला जन्मभर विचारत आले. मी जाईन पुण्याला आणि इथे ते कुणाला विचारतील?" ती उठली. "आणि डावं पडलं तर मी जाणार नाही. तेही सांगून ठेवते."

ती गेल्यावर चंद्रकांतने कागदाची घडी घातली. "दामोदरपंत, तुम्ही काहीतरी करा. देव तुमच्या लाइनीतला आहे."

म्हणून शुक्रवारी मी भीमाचार्यांकडे गेलो. हनुमंतरायाचं देऊळ आमच्यापासून चार गल्ल्यांवर, आणि पुजाऱ्यांचं घर देवळाला लागूनच. भीमाचार्य ओट्यावर बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते.

"या," ते म्हणाले. "रविवारचा देव तुम्हीच ना सांभाळता?"

मी कबूल केलं.

"किती प्रश्न घेता?"

"तीन."

"मी एक घेतो. तीन घेतले की माणूस देवाची उलटतपासणी करतो." त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "खोटं बोलवलंत कधी?"

"एकदा."

"मग?"

"नरसिंहराव बशी टाकून उठले."

"उठणारच." आता त्यांना रस वाटायला लागला होता. "आणि विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, तेव्हा काय करता?"

"असं होतं?"

"दहांतले नऊ तसेच येतात. त्यांना उत्तर नको असतं, सही हवी असते. मी फुलाला हात लावत नाही, पण चेहरे बघतो. चाळीस वर्षं तेच बघतोय."

मी सतराव्या नियमाचं सांगितलं. त्यांनी तो दोनदा म्हणून घेतला. "कॉफी कुणाची, विचारणाऱ्याची," ते पुटपुटले. "निर्णय कुणाचा, जाणाऱ्याचा. बरा आहे. कुणी केला?"

"केला मी. लिहिला नरसिंहरावांनी."

"हां. लिहिलाय चांगला."

मग मी मुद्द्यावर आलो, म्हणजे तीन वाक्यं मुद्द्याभोवती फिरलो. गंध जरा दाट, जरा पातळ, हवा दमट, अशी. भीमाचार्यांनी ऐकून घेतलं.

"दामोदरराव, मी देवाच्या मधे पडत नाही. वडील पडले नाहीत, मीही नाही." मग म्हणाले, "नरसिंहराव तेवीस वर्षांचे होते. मुंबईला रेल्वेत नोकरी लागलेली. त्यांच्या वडिलांनी इथेच फूल लावलं. डावं पडलं. घरी गेले, पत्र फाडलं, मुजराईत चिकटले. एका शब्दाने कधी तक्रार केली नाही. मी तेव्हा इथेच पाणी भरत होतो." त्यांनी पेन्सिल पुन्हा हातात घेतली. "पण दर शनिवारी येतात ना, तर नमस्कार उजवीकडे करतात आणि जाताना डाव्या खांद्याकडे बघून जातात. चाळीस वर्षं."

मी घरी आलो. सुलभाला म्हटलं, काही जमलं नाही.

शनिवारी पाऊस नुसता भुरभुरत होता. श्रावणातला शनिवार म्हणून गर्दी होती, ती साडेआठपर्यंत ओसरली. नरसिंहराव, अक्का, कावेरी, चंद्रकांत आणि मी असे पाचजण उरलो. चंद्रकांतच्या खिशाकडे मी एकदा संशयाने पाहिलं. त्याने खिसे उलटे करून दाखवले.

भीमाचार्यांनी कण्हेरीची दोन तांबडी फुलं गंधात बुडवून हनुमंतरायाच्या दोन्ही खांद्यांना लावली आणि बाजूला झाले. नरसिंहराव पुढे आले. मला वाटलं होतं, ते प्रश्न असा घालतील की उत्तर काहीही आलं तरी मुलगी घरात राहील. पण त्यांनी साधाच विचारला.

"माझी मुलगी कावेरी. तिने पुण्याला जावं का?"

आणि आम्ही वाट पाहू लागलो.

नऊ वाजले. फुलं जागची हलली नाहीत. अक्कांचे ओठ हलत होते. कावेरी खांबाला टेकून इतकी सरळ उभी होती की खांब तिला टेकलाय असं वाटावं. सव्वानऊला भीमाचार्य घरात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात तबक होतं आणि तबकात एकच पितळी लोटा, एकच वाटी.

"गारठा आहे," ते नरसिंहरावांना म्हणाले. "बाहेर पडवीत बसून घ्या. दारातून दिसतं सगळं."

"यांना?" नरसिंहराव आमच्याकडे बघून म्हणाले.

"एकाच माणसापुरतं दूध होतं," भीमाचार्य म्हणाले. त्यांच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या, ओरडतही होत्या.

नरसिंहरावांनी लोटा घेतला. ते पडवीच्या कट्ट्यावर, मूर्ती समोर दिसेल असे बसले. आम्ही मागे, खांबापाशी उभे राहिलो. चंद्रकांतने माझा दंड धरला. त्यालाही नियम आठवला होता.

नरसिंहरावांची कॉफी पिण्याची रीत सगळ्या मल्लेश्वरमला ठाऊक होती. आधी लोट्यातून वाटीत, मग वाटीतून लोट्यात, फेस येईपर्यंत. मग फुंकर. मग एक घोट, मग हवेबद्दल काहीतरी, मग पुढचा. एका कॉफीला अर्धा तास सहज जाई. आज त्यांनी तसंच सुरू केलं. वाटी, लोटा, वाटी. वाफ त्यांच्या चष्म्यावर धरत होती, ती ते पुसत आणि दाराकडे बघत.

"अप्पा मुद्दाम हळू पितात," कावेरी माझ्या कानाशी म्हणाली. "देवाला वेळ देतात."

पहिला घोट झाला. हवेबद्दल ते काही बोलले नाहीत. दुसरा झाला. लोटा अजून पाऊण भरलेला होता.

तेवढ्यात डाव्या खांद्यावरचं फूल नखभर खाली सरकलं.

ते सगळ्यांनी पाहिलं. अक्कांनी डोळे मिटले. फूल गंधाची एक ओली रेघ ओढत आणखी थोडं घसरलं आणि दंडाच्या कडेला येऊन अडकलं. त्याची एक पाकळी नुसती हवेत होती. कावेरीने खांब सोडला. मी नरसिंहरावांकडे पाहिलं.

ते त्या फुलाकडे बघत होते. चाळीस वर्षं ज्या खांद्याकडे बघत आले त्याच खांद्याकडे. मग त्यांनी लोटा उचलला, ओठांना लावला आणि मान मागे टाकून ती उकळती कॉफी एका दमात घशाखाली घातली. कंठमणी चारदा वर-खाली झाला. चेहरा तांबडा झाला, डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी लोटा वाटीत उपडा घातला. एकही थेंब वाटीत पडला नाही.

"संपली," ते म्हणाले.

आणि फूल पडलं. डावं.

भीमाचार्य आत पाहून बाहेर आले. "पडलं," त्यांनी सांगितलं. त्यांचं काम तेवढंच होतं.

"कॉफी शंपल्यावर," नरसिंहराव म्हणाले. जीभ भाजल्यामुळे त्यांना शब्द नीट येत नव्हते. "मुदतीनंतर. धरता येत नाही."

"कसली मुदत?" अक्कांनी विचारलं.

"शतरावा नियम."

अक्का वर्षभर दर रविवारी स्वयंपाकघराच्या दारातून सगळा खेळ ऐकत आल्या होत्या. मला वाटलं, आता त्या म्हणणार की तो पोरखेळ आहे, आणि हे देऊळ आहे. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, उपड्या लोट्याकडे पाहिलं. "हो की," त्या म्हणाल्या. "लिहिलेला आहे तो."

"आचार्य," नरसिंहराव जरा दबकत म्हणाले, "इथे चालतो का?"

"मुजराईत तीस वर्षं तुम्ही होता," भीमाचार्य म्हणाले. "देवळाचे नियम मी कुणाला सांगू? तुम्हीच बघा."

नरसिंहरावांनी चष्मा काढला, पंच्याच्या टोकाने पुसला, परत लावला. तीस वर्षांत त्यांनी कुठलंही प्रकरण इतक्या लवकर निकालात काढलं नसेल.

"चालतो," ते म्हणाले. मग मुलीकडे वळले. "तुला जायचंय. तू ठरव."

कावेरी म्हणाली, "जाते, अप्पा."

"शरी," ते म्हणाले.

मग सगळे एकदम बोलायला लागले. अक्का म्हणाल्या, वसतिगृहात पांघरूण देतात की न्यावं लागतं, आणि पदराने डोळे पुसत लगेच चंद्रकांतला विचारू लागल्या की पुण्याचं पाणी कसं आहे. चंद्रकांत, ज्याने वर्षभर गडजाईला टेलिफोन ऑपरेटर म्हटलं होतं, तो हनुमंतरायाला साष्टांग घालून आला. शर्टाला गंध लागलं ते आठवडाभर त्याला कळलं नाही. मी कट्ट्यावर बसलो. भीमाचार्यांनी आतून तबक आणलं, त्यात पाच लोटे होते.

"दूध सापडलं," ते म्हणाले.

नरसिंहरावांनी हात हलवून नको म्हटलं. दोन दिवस ते दहीभातावर होते. निघताना त्यांनी नेहमीप्रमाणे नमस्कार केला. मी मुद्दाम थांबून पाहत होतो. ते सरळ जोड्यांकडे गेले, मागे वळून बघितलं नाही.

ऑगस्टात यशवंतपूरच्या फलाटावर आम्ही सगळ्यांनी कावेरीला गाडीत बसवलं. तिने मला खिडकीतून हळूच सांगितलं, "अप्पा पुजारी व्हायचं म्हणतायत. सांभाळा. तीनच प्रश्न."

तसंच झालं. पुढच्या रविवारी पाळेगाराने चाळीस भालेकरी सुलभाच्या स्वाधीन केले. तिला हल्ली थापा आवडू लागल्या होत्या, आणि पहिल्याच तासात तिने पाळेगारांनी वर्षात जिंकलं नव्हतं तेवढं जिंकलं. नरसिंहराव गडजाईसमोर मांडी घालून बसले. हात जोडले. दोन प्रश्न त्यांनी गडाबद्दल विचारले, तेही उगाच. मग घसा साफ केला.

"तिसरा," ते पंचांगाकडे न बघता म्हणाले. "गडावरून उत्तरेला जी गेली आहे, तिला तिथल्या मेसमध्ये भात पोटभर मिळतो का?"

चंद्रकांत तोफेकडे बघू लागला. अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नरसिंहरावांनी कॉफीला हात लावला नव्हता.

वर्षभरात गडजाईने शेकडो कौल दिले होते आणि त्यातले बहुतेक मी ऐन वेळी रचले होते. हा एक रचावा लागला नाही. कावेरीचं पत्र शुक्रवारी माझ्याकडे आलं होतं. अप्पा खेळात विचारतील, असं तिने लिहिलं होतं. सरळ पत्रात विचारणार नाहीत. भात पोटभर मिळतो, दोनदा वाढतात, असंही लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं की आमटी इतकी गोड असते की पहिल्या दिवशी तिला ती खीर वाटली.

"उजवं पडलं," मी म्हणालो. "लगेच."

नरसिंहरावांनी कॉफी वाटीत ओतली, लोट्यात ओतली, फुंकर घातली आणि म्हणाले की यंदा हवा बरी आहे.

आमटीचं देवीने काही सांगितलं नाही. तेवढं विचारलं नव्हतं.